मशीन लावून ठेवणारा

बंद पडलेलं ऑफिस पुन्हा सुरू करायचं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. कुलूप काढलं, दिवे लावले, झालं, असं लोकांना वाटतं. मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर प्रफुल्ल रोकडे पहिल्यांदा शिरला, तेव्हा त्यालाही तसंच वाटलं होतं.

विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. दोन वर्षं सगळे घरून काम करत होते आणि आता सोमवारपासून परत येणार होते. त्याआधी प्रत्येक टेबलावरचं मशीन चालू हवं होतं, फोन लागायला हवे होते, इंटरनेट हवं होतं. प्रफुल्ल ज्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, त्यांना हे काम मिळालं होतं आणि प्रफुल्लने ते मालकाकडून मागून घेतलं होतं. कधी काही न मागणाऱ्या पोराने तोंड उघडलं म्हणून मालकालाही नवल वाटलं.

आत सगळं होतं तिथेच थांबलेलं. भिंतीवरचं कॅलेंडर मार्चवर. खुर्च्यांच्या पाठीवर स्वेटर. टेबलाखाली ऑफिसात घालायच्या चपला, जणू माणसं त्यांतून पाय काढून तशीच उठून गेली होती. यूपीएसच्या बॅटऱ्या पावासारख्या फुगल्या होत्या, एका मशीनच्या पोटात उंदराने कापसाचं घर केलं होतं. काचांना काळी फिल्म लावलेली, त्यामुळे भर दुपारी आत संध्याकाळ वाटे. बाहेरून कारखान्यांचा आंबूस वास येई आणि ब्लोअरने धूळ उडवली की तो वास धुळीत मिसळून घशात बसे.

प्रफुल्लने मात्र सगळ्यात आधी शोधलं ते दर्शनाचं टेबल.

दर्शना तायडे ठाकुर्लीत त्याच्याच चाळीच्या मागच्या गल्लीत राहायची. घरच्यांनी दोघांचं ठरवलं होतं, मे महिन्यात लग्न होतं. ती बी.कॉम. झालेली. हा नववीतून शाळा सोडलेला. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो कामाला लागला आणि मग शाळा राहूनच गेली. दर्शनाने त्याला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नव्हता. पण ती समोर आली की त्याच्या तोंडातून वाक्य पुरं निघत नसे.

लॉकडाऊनमध्ये तिच्या घरचं नेट सारखं बंद पडायचं. हा जाऊन जोडून द्यायचा आणि चहा होईस्तोवर ओट्यावर बसायचा. खिडकीतून तिचा आवाज यायचा. कानाला हेडफोन लावून ती काम करायची आणि मध्येच खळखळून हसायची. "काय हो सलिल सर, तुम्ही पण ना!" हातातला वायर जोडायचा क्रिंपर तसाच धरून प्रफुल्ल ते हसू ऐकत राहायचा. त्याच्या कुठल्या बोलण्यावर ती असं हसली होती, ते त्याला आठवत नसे. कारण तसं कधी झालंच नव्हतं.

सलिल करंदीकर हा तिचा टीम लीडर. ऑफिसात तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसणारा. इंग्रजी मेल कसे लिहायचे ते त्याने तिला शिकवलं. कपात झाली तेव्हा वरच्यांशी भांडून त्याने तिची नोकरी वाचवली. हे सगळं दर्शनानेच प्रफुल्लला सांगितलं होतं, मोकळ्या मनाने, जसं एखाद्या चांगल्या माणसाबद्दल सांगावं तसं.

"आमची मशीनं इतकी स्लो होती ना, चालू व्हायला निम्मा चहा संपायचा," ती एकदा म्हणाली होती. "सर माझ्या आधी यायचे. स्वतःचं लावायच्या आधी माझं मशीन लावून ठेवायचे. आणि तोपर्यंत हातावर एक लवंग. त्यांना घशासाठी सवय होती. गालात लवंग ठेवूनच बोलायचे कायम."

दुसऱ्या लाटेत सलिल गेला. दर्शना दोन दिवस जेवली नाही. प्रफुल्लला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली आणखी एक काहीतरी हललं, सुटल्यासारखं. त्याची त्याला लाज वाटली. आणि मग पुढच्या महिन्यांत त्याला कळलं की तो सुटला नव्हताच. जिवंत माणूस कधीतरी चिडला असता, चुकला असता, त्याची बदली झाली असती, टक्कल पडलं असतं. हा आता कायम तसाच राहणार होता. हसरा, समजूतदार, तिच्या बाजूच्या खुर्चीत.

"एक करशील?" ऑफिसचं काम प्रफुल्लला मिळाल्याचं कळल्यावर ती म्हणाली होती. "सरांच्या मशीनमध्ये आमच्या पिकनिकचे फोटो आहेत रे. तेवढे काढून दे मला. आणि बाजूची खुर्ची… कोणाला देऊ नका म्हणावं लगेच."

"बघतो," प्रफुल्ल म्हणाला.

आता तो त्या खुर्चीत बसला होता. समोर सलिलचं मशीन. बाजूला हात लांब केला तर दर्शनाच्या खुर्चीचा हात लागत होता. इतकं जवळ, त्याच्या मनात आलं. हेडफोन उचलला तर कानाच्या फोमला लवंगेचा वास. दोन वर्षांनंतरसुद्धा.

कोणाचंही मशीन पुसायच्या आधी त्यातलं सामान बाजूला काढून ठेवायचं, हे प्रफुल्ल पहिल्या दिवशी शिकला होता. ॲडमिनच्या मंदाकिनी मॅडमनीही फोनवर बजावलं होतं. "करंदीकरांचं बॅकअप घे हं आधी, मग फॉरमॅट मार."

"हो मॅडम," तो म्हणाला आणि त्याने सरळ फॉरमॅट मारला.

स्क्रीनवर निळी पट्टी सरकत होती. पिकनिकचे फोटो गेले, त्यातलं हसू गेलं. फोम काढून त्याने कचऱ्यात टाकले, नवे बसवले. मग तो दर्शनाच्या मशीनकडे वळला. तिची जुनी डिस्क काढून त्याने नवी, जलद डिस्क घातली. तशी ती फक्त मॅनेजरांच्या मशीनसाठी आली होती. बटण दाबलं की आता डोळ्याची पापणी लवायच्या आत मशीन चालू. आता तिला कोणी आधी येऊन मशीन लावून ठेवायची गरज उरली नव्हती.

त्याला बरं वाटलं.

मग राहिलं दाराचं मशीन. पूर्वी बोट टेकवायचं होतं, आता साथीनंतर कोणी बोट टेकवायला तयार नव्हतं. म्हणून चेहरा ओळखणारं नवं आणलं होतं. समोर उभं राहिलं की बाईच्या आवाजात नाव घेई, थँक यू म्हणे आणि काचेचं दार उघडे. सगळ्यांची नावं मुख्य ऑफिसातून भरूनच आली होती. त्यात सलिलचंही होतं, कोणी काढलं नव्हतं. चेहरे तेवढे सोमवारी एकेकाचे घ्यायचे होते.

मशीन चालतंय का ते बघायला एक चेहरा भरावा लागतो. खरं तर त्यासाठी वेगळं खोटं नाव करायचं असतं. प्रफुल्लने नावांवरून बोट खाली नेलं. त्यात त्याचं नाव असायचं कारण नव्हतं. तो बाहेरचा माणूस, वॉचमनने किल्लीने दार उघडलं तर आत जाणारा. बोट सलिलच्या नावावर थांबलं. कोणी बघत नव्हतं. त्याने त्या नावाखाली स्वतःचा चेहरा भरला.

"सलिल करंदीकर. थँक यू."

टक् करून दार उघडलं. प्रफुल्ल आत गेला. बाहेर आला, पुन्हा आत गेला. प्रत्येक वेळी दार त्याच्यासाठी उघडलं. तो स्वतःशीच हसला. मशीनला शर्ट, शाळा काही कळत नाही. चेहरा समोर आला की आदराने नाव घेतं. फक्त ते नाव त्याचं नव्हतं.

जेवण झाल्यावर तो आत आला, तर दर्शनाचं मशीन चालू होतं.

त्याने बंद केलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. लाइट गेली-आली असेल म्हणून त्याने यूपीएस बघितला. लाइट गेली नव्हती. त्याने पुन्हा बंद केलं. दुसऱ्या टोकाला जाऊन फोनच्या तारा जोडू लागला आणि थोड्या वेळाने मागे वळला, तर त्या अंधुक हॉलमध्ये एकच पडदा उजळलेला. तिचा.

या वेळी त्याने प्लग काढला.

दुपारचा चहा वॉचमन नाथाकाका करायचे, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, विटांवर ठेवलेल्या शेगडीवर. मानपाड्याच्या जुन्या गावठाणातले. जिथे आता ही इमारत होती तिथे त्यांच्या बापाचं भाताचं खाचर होतं, असं ते सांगत.

"काय रे बाला, तोंड कनाला पारलंस?" त्यांनी कप पुढे केला. "लगीन हाय ना तुजं? त्या दर्शनाताईशी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच. फोन केलेलान सकाली. आमच्या ह्यांना जेवायला विचारा, बोलली. तो लाजतो, मागनार नाय बोलली." काका हसले. "चांगली पोर हाय. सलिलसाब पन लय जपायचं तिला. आलं की आदी तिचा मशीन लावायचं, मग सोताचा. मी बोलायचो, साब, बायकोचा चहा पन येवरे प्रेमानं करत नसाल!"

प्रफुल्लने कप खाली ठेवला.

"मग काय म्हणायचे ते?"

"हसायचं. बोलायचं, नाथा, कोनीतरी आपली वाट बघत व्हता येवरा कलला की मानसाचा दिवस चांगला जातो. तवरंच…"

काकांचं वाक्य तिथेच राहिलं.

वरून आवाज आला. रिकाम्या जिन्यातून तो स्वच्छ खाली उतरला.

"सलिल करंदीकर. थँक यू."

आणि मग टक्.

शेगडीवरचं दूध उतू गेलं, तरी काकांनी हात हलवला नाही. त्यांनी आधी वर बघितलं, मग प्रफुल्लकडे.

"तू तं हितं हायस," ते हळूच म्हणाले. "मंग सकालधरना ते नाव घेऊन… तो तूच ना?"

"हो. मीच. टेस्टिंगला…"

"आनि आता?"

प्रफुल्लने जिन्याकडे बघितलं. तो उठला. काका म्हणाले, "नको जाव." पण तो गेला. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी त्याला वर ढकलत होतं. ते काय, हे त्याला ठाऊक होतं. तिच्या टेबलाजवळ कोण गेलंय, हे त्याला बघायचं होतं.

दार मिटलेलं होतं. त्याला बघून मशीनने सलिलचं नाव घेतलं, ते उघडलं. आत कोणी नव्हतं. पंखे बंद, कागद जागच्या जागी. फक्त लवंगेचा वास. जुन्या फोममधला विटलेला वास नव्हे. ताजा, कोणीतरी आत्ताच दाताखाली फोडल्यासारखा.

दर्शनाचा पडदा चालू होता. प्लग जमिनीवर तसाच पडला होता, त्याने काढून टाकला होता तिथे. आणि बाजूची खुर्ची किंचित तिच्या टेबलाकडे वळलेली होती, बोलायला वळतात तशी.

"ती माझी आहे," प्रफुल्ल म्हणाला.

इतक्या स्पष्ट आवाजात आपण हे वाक्य कधी बोललो नव्हतो, दर्शनासमोरसुद्धा नाही, हे त्याच्या लक्षात आलं. हॉलमध्ये ते वाक्य जरा वेळ राहिलं.

तो दाराच्या मशीनकडे धावला. सलिलचं नाव उघडलं, 'काढून टाका'वर बोट ठेवलं. चेहऱ्यासह काढायचं का, मशीनने विचारलं. त्याने हो दाबलं. दाबता दाबता त्याला आठवलं की त्या नावाखाली चेहरा कोणाचा होता. पण तोवर नाव गेलं होतं.

तो मशीनसमोर उभा राहिला. आता त्याने 'ओळख पटली नाही' म्हणायला हवं होतं. अनोळखी माणसाला ते तसंच म्हणतं.

"चेहरा दिसत नाही. कृपया समोर या."

तो आणखी पुढे झाला. काचेवर श्वासाचं धुकं उमटण्याइतका.

"चेहरा दिसत नाही. कृपया समोर या."

उजेड कमी असेल, त्याने मनाला समजावलं. खिशातला फोन काढून तोंडासमोर धरला. एरवी बघितल्याबरोबर उघडणारा फोन बंदच राहिला. त्याने आकडे दाबून तो उघडला, तेवढ्यात वाजला. दर्शना.

"झालं का रे काम? फोटो मिळाले?"

"डिस्क… डिस्क गेली होती, दर्शना. काहीच नाही निघालं."



"असू दे," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला, जरा मऊ झाला. "प्रफुल्ल, तोंडात लवंग ठेवलीयस का?"

"नाही. का?"

"बोलतोयस तसा. एका गालात काहीतरी धरून." ती हसली. अगदी थोडं, पण तसंच, खिडकीतून यायचं तसं. "छान वाटलं ऐकायला."

रविवारी त्याला ताप भरला. आईने घरी राहा म्हटलं. पण सोमवार टाळता येण्यासारखा नव्हता. काम सोपवून दिल्याशिवाय दुकानाचं नाव खराब झालं असतं. आणि दर्शना येणार होती.

सकाळी लख्ख ऊन होतं. माणसं यायच्या आधी नाथाकाकांनी किल्लीने दार उघडून त्याला आत घेतलं. काका त्याच्याशी बोलले नाहीत, एकदा नीट निरखून मात्र बघितलं. प्रफुल्लने हॉलमधून फेरी मारली. दर्शनाचं मशीन बंद होतं. त्याने हात लावून बघितलं, थंडगार. बाजूची खुर्ची टेबलात सरकवलेली. कसलाही वास नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसला. तिथल्या छोट्या पडद्यावर दाराचा कॅमेरा दिसत होता.

माणसं येऊ लागली. दोन वर्षांनी भेटत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. कोणी जाड झालं होतं, कोणाचे केस पिकले होते. मंदाकिनी मॅडम दाराशी उभ्या राहून एकेकाचा चेहरा भरून घेत होत्या. मशीन नावं घेत होतं, दार उघडत होतं. बंद ऑफिस हळूहळू जिवंत होत होतं. प्रफुल्लला वाटलं, कामाचं तेवढं चीज झालं.

मग दर्शना आली. पिवळा ड्रेस, केस मोकळे. तिचा चेहरा भरून झाला.

"दर्शना तायडे. थँक यू."

ती आत गेली. मंदाकिनी मॅडम कोणाशी तरी बोलायला जिन्याकडे वळल्या. पडद्यावर दार रिकामं दिसत होतं. फरशी, काच, ऊन. कोणी नाही.

"प्रफुल्ल रोकडे. थँक यू."

टक्. दार उघडलं. जरा वेळ उघडं राहिलं, माणूस आत जाईपर्यंत राहतं तेवढं. मग मिटलं.

प्रफुल्लने सर्व्हरवरून दाराच्या मशीनमधली नावं उघडली. त्याचं नाव त्यात कोणी भरलं नव्हतं. भरायचं कारणच नव्हतं. तरी सलिलच्या रिकाम्या जागी ते होतं, आणि त्याखाली त्याचा चेहरा होता. त्याने भरलेला नव्हे. त्या चेहऱ्यात तो हसत होता. प्रफुल्ल असा कोणाच्याही फोटोत कधी हसला नव्हता.

त्याने दर्शनाला फोन लावला.

"अरे काय चाललंय तुझं?" ती कुजबुजली, पण आवाजात हसू मावत नव्हतं. "बाजूला बसून फोन काय करतोस? येड्या, लोक बघतायत."

"दर्शना… मी सर्व्हर रूममध्ये आहे. तू उठ तिथून."

"बस कर हं आता. आणि ऐक…" तिने आवाज आणखी खाली आणला. "मशीन लावून ठेवलंस ना माझं? थँक्स. मला वाटलं नव्हतं तुला असलं काही सुचेल."

फोन बंद झाला.

सर्व्हरच्या खोलीचं दार जिन्यात उघडायचं. तो धावत बाहेर आला आणि काचेच्या दाराशी थांबला. आत सगळे दिवे लागलेले. माणसं आपापल्या जागी वाकलेली. दर्शनाचा पडदा उजळलेला. ती अर्धी वळून बसली होती, बाजूच्या खुर्चीकडे तोंड करून. खुर्ची रिकामी होती आणि तिच्याकडे वळलेली होती. दर्शना बोलत होती. मग ती खळखळून हसली. ज्या हसण्यासाठी तो ओट्यावर जळत बसला होता, ते हसू आता प्रफुल्ल रोकडे या नावाच्या माणसासाठी होतं. फक्त तो माणूस काचेच्या या बाजूला नव्हता.

त्याने काचेवर हात मारला. नाथाकाकांनी दाराजवळच्या स्टुलावरून मान वर केली, त्याच्या दिशेने बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

"चेहरा दिसत नाही," मशीन म्हणालं. "कृपया समोर या."

आत दर्शनाने रिकाम्या खुर्चीपुढे हात पसरला, तळवा वर करून. त्यावर काहीतरी घेतलं, बोटांत धरून क्षणभर बघितलं, आणि तोंडात टाकलं.